घशात एक मिलिमीटर

मी आयुष्यात एकच जॉब जाणूनबुजून चुकीचा केला, आणि दिसायला तो माझ्या हातचा सगळ्यात देखणा जॉब होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे तुम्हाला माझा राग येईल. येऊ द्या.

मी टर्नर आहे. वारज्याच्या पुढे एका शेडमध्ये माझं वर्कशॉप आहे. तिथे लेथवर मी बुश, नोझल, पिना असलं काय काय कातून देतो. मोठ्या कंपन्यांना लागणारे लहान तुकडे. छत्तीस वर्षं हेच केलं. साठी झाल्यावर डॉक्टरांनी "आता अर्धाच दिवस" म्हणून बजावलं, तेव्हापासून मी दुपारी दोनला घरी येतो, जेवतो आणि आडवा होतो. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर जे लोक विनोद करतात त्यांची स्वतःची झोप झालेली नसते, असं माझं मत आहे.

तर माझी झोप चारच्या सुमाराला अगदी रंगात यायची, आणि बरोबर चारला खालच्या मजल्यावर बेस ट्रॉम्बोन सुरू व्हायचा.

साधा ट्रॉम्बोन तुम्ही वरातीत पाहिला असेल. पितळी वाद्य, पुढे-मागे सरकणारी लांब नळी, ती सरकवून सूर बदलायचा. बेस ट्रॉम्बोन हा त्याचा थोरला भाऊ. नळी जाड, पुढचं तोंड लहान परातीएवढं, आणि आवाज असा की तो कानाला कळण्याआधी पलंगाला कळतो. आमच्या मांडणीत एक पितळी पातेलं होतं, ते एका ठरावीक सुराला गुणगुणायला लागायचं. बायको म्हणायची, "ऐकलंत का, आपलं पातेलंसुद्धा गातंय." मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नव्हतं.

वाजवणारे आमच्या खालचे सुभेदार. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, मूळचे खडकवासल्याच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. माणूस गोड. जिन्यात भेटला की ताठ उभा राहून "नमस्ते साहेब" म्हणणार. मी कसला डोंबलाचा साहेब, पण त्यांना सगळेच साहेब. दर रविवारी सकाळी कॅम्पातल्या एका हॉलमध्ये त्यांच्यासारखे दहा-बारा निवृत्त बँडवाले जमून वाजवायचे, आणि त्यासाठी रोज चार ते पाच हा रियाज. रियाज म्हणजे काय, तर एकच सूर धरायचा आणि दम संपेपर्यंत सोडायचा नाही. मग त्याच्या खालचा. मग त्याच्याही खालचा. त्यांचं आणि त्या वाद्याचं ते कोडकौतुक ऐकत मी वर उशीत डोकं खुपसून पडलेला असायचो.

मी रीतसर मार्गाने गेलो होतो, हे माझ्या बाजूने लिहून ठेवा. सोसायटीच्या सभेत लेखी विषय दिला: "दुपारचे वाद्यवादन". सेक्रेटरीने तो सातव्या क्रमांकावर टाकला, आणि सातवा विषय येईपर्यंत निम्मी सभा चहा पिऊन पसार झाली होती. उरलेल्यांत एक आयटीवाला होता. तो म्हणाला, "काका, चार वाजता आम्ही कुणी घरीच नसतो. वर्क फ्रॉम होम असलं तर हेडफोन असतात. चिल." तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "मग तुम्ही पाचला झोपा ना." विषय निकालात. सुभेदार स्वतः उठून म्हणाले, "साहेबांचं बरोबर हाय. म्या खिडक्या लावून घेत जाईन." घेतल्या लावून. आवाज बाथरूमच्या डक्टमधून वर यायला लागला, आणि डक्ट माझ्या उशाशी होतं.

दोनेक महिन्यांनी एके सकाळी ते माझ्या वर्कशॉपवर आले. हातात फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, एक काम हाय. तुमच्यासारख्याच्या हातचं."

फडक्यातून त्यांनी माउथपीस काढला. म्हणजे वाद्याला तोंडाच्या बाजूने खोचतात तो सुटा तुकडा. एका टोकाला वाटी, दुसऱ्या टोकाला निमुळती दांडी. वाटीच्या काठावर ओठ टेकवून थरथरवायचे, हवा आत जाते, आणि पुढचं सगळं मग ते भलंमोठं धूड करतं. सुभेदारांचे वरचे पुढचे दोन दात डॉक्टरांनी काढून नवे बसवले होते, आणि ते जुन्यांपेक्षा किंचित रुंद आणि किंचित पुढे होते. जुन्या माउथपीसचा काठ नेमका नव्या दाताच्या कंगोऱ्यावर टेकत होता. पाच मिनिटांत ओठ सुजायचा.

"बुधवार पेठंत गेल्तो दुकानात. त्यो म्हणला, हे आम्ही ठेवत नाही. म्हणलं मागवून द्याल का? म्हणला, मागवलं तरी तुम्हाला बसेल कशावरून? आन् पेपर वाचाय लागला."

"बरोबर बोलला," मी म्हणालो. दुकानदाराबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

त्यांना हवं होतं ते साधं होतं. सगळं जुन्यासारखं, फक्त वाटीचं तोंड एक मिलिमीटर रुंद, म्हणजे काठ कंगोऱ्याच्या पलीकडे टेकेल. मी व्हर्नियर काढलं, कागद ओढला आणि मापं घ्यायला लागलो. आणि खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काळंबेरं काही नव्हतं. ते आलं सुभेदार समजावून सांगायला लागल्यावर.

कारण त्या माणसाने मला अर्धा तास त्या तुकड्याचं सगळं पोट उघडून दाखवलं. काठाला ते रिम म्हणायचे. रिम रुंद असली की ओठ दमत नाहीत, पण ते जागच्या जागी बसून राहतात, वर-खाली उड्या मारायला कुरकुरतात. काठाची आतली कड मात्र बोटाला लागली पाहिजे. "तिची धार मारू नका बरं का साहेब. ओठाला कळाय पायजे, हितं वाटी सुरू झाली. गोल केली तर सूर सुरूच नीट हुईना, उगं फस्स करतो." आता आमच्या धंद्यात कुठलीही धारदार कड दिसली की हात आपोआप तिच्यावर कानस फिरवतो. ड्रॉइंगवर तशी सूचनाच असते. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कड ठेवणे.

मग वाटी. उथळ असली तर आवाज लखलखीत, वरचे सूर सहज लागतात, पण खाली नुसती पिपाणी. खोल असली तर आवाज काळा, भरदार. वाटीचा तळ गोल ठेवला तर आवाजाला कणा येतो, नरसाळ्यासारखा सरळ उतरता ठेवला तर आवाज मऊ आणि धुरकट. त्यांची खोल आणि गोल. मग दांडीच्या आतलं छिद्र, मागे हळूहळू रुंदावत जाणारं. ते लवकर रुंदावलं तर आवाज पसरतो, उशिरा रुंदावलं तर टोकदार होतो. आणि दांडी नळीत अशी बसली पाहिजे की जराही हलता कामा नये.

"आन् ह्यो घसा," ते म्हणाले. वाटीच्या तळाशी, जिथे वाटी संपून दांडीचं छिद्र सुरू होतं, तिथे सगळ्यात अरुंद जागा असते. "सगळी हवा हितनं जाती. ह्यो साडेसात मिलिमीटर हाय. बाकी कुठं केसभर चुकलं तर चालंल. हितं न्हाई."

हे त्यांनी सांगायला नको होतं.

तुम्हीच विचार करा. नळ अर्ध्यावर फिरवला की पाणी कमी येतं. घसा बारीक केला की हवा कमी जाईल, हवा कमी गेली की आवाज कमी. आवाज कमी झाला की मी झोपेन. साडेसातच्या ऐवजी साडेसहा. वाटीच्या तळाशी, अंधारात, एक मिलिमीटर. कुणाच्या बापाला दिसत नव्हतं. सोसायटीच्या सभेत सातव्या क्रमांकावर जे झालं नाही ते माझा लेथ करणार होता. मी मनातल्या मनात टाळी दिली आणि तोंडाने म्हणालो, "काळजीच करू नका सुभेदार. शनिवारी घेऊन जा."

बाकीचा जॉब मी असा केला की कुणीही बघत राहावं. जुन्या माउथपीसच्या वाटीत मेणबत्तीचं मेण ओतून साचा काढला, त्यावरून पत्र्याचा गेज, म्हणजे आकार ताडायचा नमुना कापला आणि वाटीची गोलाई त्या गेजला मधून उजेडसुद्धा दिसणार नाही इतकी जुळवली. कड ठेवली. दांडीचा उतार तीनदा तपासला. मग बुधवारातच देवाच्या टाकांना चांदीचं पाणी देणारा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे नेला. त्याने तो उलटासुलटा केला, डोळ्याला लावून पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या देवाचं?"

"आमच्या खालच्या मजल्यावरच्या," मी म्हणालो.

शनिवारी सुभेदार आले. माउथपीस तळहातावर घेऊन नुसते बघत राहिले. मग त्यांनी असं काही विचारलं की ज्याची मी तयारी केली नव्हती. "साहेब, कंपनीला माल देताना तुम्ही रिपोर्ट देता न्हवं? मापांचा?"

देतो ना. प्रत्येक जॉबबरोबर तपासणी रिपोर्ट जातो. एका रकान्यात ड्रॉइंगमधलं माप, शेजारी प्रत्यक्ष मोजलेलं, खाली "ओके" आणि सही. छत्तीस वर्षांत खोट्या मापाखाली मी सही केली नव्हती. पितळेचा वॉशर असो नाहीतर पंपाचा बुश, रिपोर्ट खरा. त्या दिवशी मी छापील कागद काढला, मापं लिहीत गेलो आणि घशाच्या ओळीत दोन्ही रकान्यांत ठळक लिहिलं: ७.५. खाली ओके. खाली सही. पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

त्यांनी त्या कागदाची चौपदरी घडी घालून तो वरच्या खिशात ठेवला आणि मला सॅल्यूट केला.

दुपारी चारला मी पलंगावर उताणा, हात डोक्याखाली घेऊन, तिकीट काढून आल्यासारखा पडलो होतो. सुरू झालं. आणि काय सांगू महाराजा, आवाज कमी वगैरे अजिबात झाला नाही. वरचे सूर चिरके झाले, पत्रा कापल्यासारखे. मधले घुसमटले. पण खालचे, ते माझ्या पलंगात शिरणारे सूर, ते यायचेच बंद झाले. सुभेदार खाली उतरत उतरत जायचे आणि एका पायरीवर नुसतं "फुर्र" व्हायचं. पुन्हा दम घ्यायचा, पुन्हा फुर्र. हवा पुढे जात नव्हती म्हणून ते जास्त जोर लावत होते, आणि जोर लावला की सूर दुभंगत होता. मांडणीतलं पातेलं गप्प.

मी उशी तोंडात धरून हसलो. खोटं कशाला बोलू, पोट दुखेपर्यंत हसलो. दुसऱ्या दिवशी तर चिवड्याची बशी घेऊनच बसलो. फुर्र झालं की एक घास. बायको चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. बत्तीस वर्षं संसार केलाय तिने माझ्याशी.

"तुम्ही काही केलंत का हो?"

"मी? मी झोपायला आलोय."

"झोपलेला माणूस चिवडा खातो होय?" ती म्हणाली आणि कप आपटून गेली.

आठवडाभरात रियाज साडेचारलाच संपायला लागला. मग चार वाजून दहा मिनिटांनी. तिसऱ्या आठवड्यात चार वाजले, सव्वाचार झाले, काहीच वाजलं नाही. मी घोरत पडलो. उठलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि तोंडाला चव नव्हती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सुभेदार पार्किंगमध्ये भेटले. ओठांना तूप लावलेलं, चकाकत होतं. "नमस्ते साहेब" म्हणाले, पण ताठ उभे राहिले नाहीत.

"काय सुभेदार, हल्ली आवाज नाही तुमचा?" मी विचारलं. निर्लज्जपणाला मर्यादा नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

"न्हाई साहेब. संपलं आपलं." त्यांनी खालच्या ओठाला बोट लावलं. "म्हातारा झाला ह्यो. दात बदलले, वाटलं माउथपीस बसंना म्हणून हुतंय. आता तुमच्या हातचा ब्येस माउथपीस हाय, तरी खालचा सूर निघत न्हाई. रोज तूप लावतो, आरशाम्होरं बसून ओठ हलवतो, काय उपेग न्हाई. तुमचा रिपोर्ट शंभरदा बघितला. माप सगळं बरोबर." मग ते हसले, आणि मला अजून ते हसणं सहन होत नाही. "जॉब ओके, साहेब. माणूस रिजेक्ट."

पुढचं त्यांनी स्कूटरचं सीट पुसता पुसता सांगितलं. बँडमध्ये बेस ट्रॉम्बोनची खुर्ची एकच. ती सोडतो म्हणून त्यांनी कळवलं होतं. खडकीचा एक जण त्या खुर्चीवर येणार होता, त्याच्याकडे स्वतःचं वाद्य नव्हतं, म्हणून येत्या रविवारी हे आपला ट्रॉम्बोनच त्याला देऊन येणार होते. "घरात ठिवून काय करू? बघितलं की तरास."

मी जिने चढून वर आलो. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये आरसा आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "मग आता बसलात काय?"

आता छिद्र लहान पडलं असेल तर त्यावर उपाय असतो. मोठं पडलं असतं तर जॉब भंगारात. म्हणजे माझ्या पापात तेवढी सोय होती. आणि मी लगेच त्या सोयीच्या मागे लपलो. सुभेदारांकडे जाऊन म्हणालो, "माउथपीसचं पॉलिश उतरल्यासारखं वाटतंय, द्या इकडे, उद्या आणून देतो." त्यांनी फडक्यासकट दिला. मी तो वर्कशॉपवर नेला, दांडी लेथच्या कॉलेटमध्ये, म्हणजे पकडीत धरली. पितळेत ड्रिल एकदम ओढलं जातं, म्हणून त्याची धार थोडी मारून घेतली, आणि श्वास रोखून घसा साडेसात केला. तिथलं चांदीचं पाणी गेलं आणि आत पिवळं दिसायला लागलं. पण तिथवर सुभेदारांची नजर पोचत नाही, हे मला ठाऊक होतं. माझा बेत असा होता: उद्या सूर लागेल, म्हातारा खूश, खुर्ची परत, मी मोकळा, कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन खाली गेलो. "वाजवून तर बघा," म्हणालो. ते नको नको म्हणत होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आतून पिठाचे हात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढं म्हणत्यात तर वाजवा की." सुभेदारांनी बॅगेतून वाद्य काढलं, माउथपीस खोचला, डोळे मिटले आणि सावकाश खाली उतरत गेले. तो सूर आला. पहिल्यांदाच मी तो उशीशिवाय ऐकत होतो. खोलीतली हवाच जड झाली आणि माझ्या छातीत काहीतरी हललं, ते कौतुकाने की लाजेने हे मला नक्की सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

सुभेदारांनी डोळे उघडले. चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात सुटलोच. मग त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं आणि उजेड हळूहळू गेला.

"आला," ते म्हणाले. "आज आला."

"मग कळवा ना बँडवाल्यांना. खुर्ची ठेवा म्हणावं."

"न्हाई साहेब. आज आला, रविवारी न्हाई आला तर? तीन हप्तं न्हाई आला, आन् आज आला. कशानं आला ते मला ठावं न्हाई. कशानं जाईल त्ये बी ठावं न्हाई. खालच्या सुरावर बाकीचे सगळे उभे असत्यात. त्योच मधी बसला तर समदे तोंडावर पडत्याल. ज्या ओठाचा भरवसा न्हाई त्यो घिऊन म्या त्या खुर्चीवर बसणार न्हाई."

त्यांनी माउथपीस काढून फ्लॅनेलमध्ये गुंडाळायला घेतला. मी उठलो. दारापर्यंत आलो, चपला पायात घातल्या. खरंच घातल्या. जिना समोर होता, आणि वर माझा पलंग होता, आणि इथून पुढे आयुष्यभर दुपारी चार वाजता शांतता असणार होती.

चपला काढल्या आणि आत आलो.

"सुभेदार, रिपोर्ट खोटा होता."

त्यांना कळलं नाही.

"घसा साडेसात लिहिलाय. तो साडेसहा होता. काल मी तो साडेसात केला. पॉलिश वगैरे काही नव्हतं."

सुभेदारांनी फडकं पुन्हा सोडलं आणि माउथपीस उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाले, "ड्रिल झिजलं असंल, साहेब. हुतं असं."

माझ्यासाठी त्यांनी स्वतःच पळवाट काढून दिली होती. मला सुभेदारांचा रागच आला, इतका चांगला माणूस कशाला असावा म्हणून. "ड्रिल नवं होतं," मी म्हणालो. "मुद्दाम केलं. मला दुपारी झोपायचं होतं. घसा लहान केला तर आवाज कमी होईल असं वाटलं."

"कमी न्हाई हुत," ते म्हणाले. "घुसमटतो."

"हो. ऐकलं मी."

मी शिव्यांची वाट बघत होतो. लष्करातल्या माणसाकडे त्या भरपूर असतात आणि मला त्या हव्या होत्या. पण सुभेदारांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते दोन बोटं ओठांवर ठेवून बसले होते, आणि बोटांच्या आडून त्यांनी विचारलं, "म्हंजी ह्ये... ह्ये ठीक हायेत?"

"ठीक आहेत. तेव्हाही ठीक होते. साडेसहाच्या घशातून कुणाच्याच ओठांनी तो सूर निघाला नसता."

"पुन्ना सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ते उठले, वाद्य तसंच खुर्चीवर ठेवून आतल्या खोलीत गेले, आणि लगेच फोनवर त्यांचा आवाज आला, कवायतीच्या मैदानावर असतो तसा. "हॅलो! व्हय, म्याच! त्या खडकीवाल्याला सांगा, दुसरा पाईप बघ! म्या येतोय रविवारी!" आणि मग हसणं, मोठमोठ्याने, पलीकडचा काय म्हणतोय ते न ऐकताच.

मलाही हसू आलं. सुटलो, असं वाटलं. मी वळलो तर वहिनी तिथेच उभ्या होत्या. हातावरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. त्या माझ्याशी नेहमी पदर सावरून, हळू बोलायच्या. आताही हळूच बोलल्या.

"भावजी, तीन आठवडे ह्यो माणूस आरशाम्होरनं हलला न्हाई. जेवताना चमचा ओठाला लावून बघायचा, गार लागतोय का न्हाई, ओठ जिता हाय का न्हाई. मला म्हणायचा, आता आपलं काय ऱ्हायलं. तवा तुम्ही वर काय करत व्हता?"

झोपलो होतो, असं म्हणता आलं असतं. ते निम्मं खरंही होतं.

"हसत होतो, वहिनी," मी म्हणालो.